कानात दोघे बोलतात तेव्हा : इंटरनेट कॉल आणि स्क्रीन रीडर

"फोन काय, कानानेच ऐकायचा. त्यात डोळ्यांचं काम कुठे आलं?" डोळस माणसं हे अगदी सहज विचारतात. व्हॉट्सॲप कॉल, झूम, गूगल मीट, टीम्स या सगळ्यांत मुख्य काम बोलण्याचं आणि ऐकण्याचं. तेव्हा बँकेच्या ॲपपेक्षा किंवा रेल्वेच्या आरक्षणापेक्षा दृष्टिहीन माणसाला हे सोपं जात असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. बँकेच्या ॲपमध्ये निदान शांतता असते. कॉलमध्ये पलीकडचा माणूस कानात बोलत असतो आणि त्याच वेळी संगणकही त्याच कानात बोलत असतो. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही, आणि ऐकणारा एकटाच.

गोव्यात हा विषय घरोघरचा आहे. कुणाचा मुलगा दुबईत, कुणाची बहीण पोर्तुगालला, कुणी जहाजावर. चवथीला यायला जमलं नाही की माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची सजावट) आणि गणपती व्हिडिओ कॉलवर. त्या घरात कुणी दृष्टिहीन असेल तर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "थांब काकी, मी लावून देतो." लावून देणारा कामावर गेला की काकींचा फोन बंद. काकींना बोलता येतं, ऐकू येतं, फोनही त्यांचाच असतो. अडतं ते मधल्या सॉफ्टवेअरपाशी. नेमकं कुठे अडतं ते सांगतो. मी स्वतः संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सॉफ्टवेअरं, वापरतो, त्यामुळे बरंचसं रोजच्या वापरातलं आहे.

आधी स्क्रीन रीडरविषयी एक गैरसमज काढून टाकू. हे सॉफ्टवेअर पडद्याकडे बघत नाही. प्रत्येक ॲप ऑपरेटिंग सिस्टिमला आपल्याकडच्या गोष्टींची एक यादी पडद्यामागून देत असतं. त्या यादीत प्रत्येक गोष्टीचं नाव, तिचा प्रकार आणि तिची सध्याची स्थिती एवढं असावं लागतं. उदाहरणार्थ, 'कॅमेरा, बटण, बंद'. स्क्रीन रीडर वाचतो ती ही यादी. आपल्याकडे जत्रेच्या नाटकात विंगेत प्रॉम्प्टर बसतो ना, तसंच हे. नेपथ्य कितीही झगमगीत असो, हातातल्या वहीत नसलेलं वाक्य त्याला देता येत नाही. वहीचं पान कोरं असेल तर तो गप्प बसणार, आणि नटाने काय करायचं ते नटाचं नशीब.

यादी देण्याची ही पद्धत नवी नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी १९९७ मध्येच अशी सोय आणली, पुढे तिची जागा घेणारी जास्त चांगली यंत्रणा आली. अँड्रॉइड, आयफोन, वेब ब्राउझर या सगळ्यांची आपापली पद्धत आहे. एनव्हीडीए २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन याने सुरू केला आणि जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही दृष्टिहीन. तो फुकट आहे, आणि त्याच्या सोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत. आवाज यांत्रिक आहे, कानाला गोड वगैरे अजिबात नाही, पण वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, म्हणून सवयीची माणसं त्यालाच धरून असतात. जॉज हा विंडोजवरचा जुना आणि विकतचा स्क्रीन रीडर. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतात. म्हणजे वाचणारं साधन बहुतेकांच्या खिशात आहे. अडतं ते समोरच्या ॲपने आपली यादी नीट भरलेली नसते तिथे.

कॉल चालू असताना पडद्याच्या तळाशी चार गोल चिन्हं असतात अशी कल्पना करा. माइक, कॅमेरा, स्पीकर आणि कॉल तोडायचं लाल बटण. डोळ्यांना एका नजरेत कळतं. ॲप लिहिणाऱ्याने चिन्हांना नावं दिली नसतील तर बोट फिरवल्यावर टॉकबॅक म्हणतो, "अनलेबल्ड, बटण." पुढे स्वाइप केलं की, "अनलेबल्ड, बटण." आणखी पुढे तेच. मग अंदाजाने दाबायचं. माइक बंद करायला गेलात आणि लाल दाबलं गेलं की मुलाखत संपली. आता हे दुरुस्त करायला किती काम? अँड्रॉइडवर चिन्हामागे वर्णनाची एक ओळ, आयफोनवर एक ओळ, वेबवर एक ओळ. एवढ्याशा कामासाठी माणसांचे कॉल तुटतात याचा मला जरा रागच आहे. मोठ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये आता हे सहसा होत नाही. होतं ते एखाद्या क्लासच्या, दवाखान्याच्या किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये, जिथे व्हिडिओ कॉल नंतर चिकटवलेला असतो.

नाव दिल्याने काम संपत नाही. सगळ्यात अवघड बटण माइकचं. समजा स्क्रीन रीडरने वाचलं, "म्यूट, बटण." याचा अर्थ माइक आत्ता म्यूट आहे, की दाबल्यावर म्यूट होईल? डोळस माणसाला चिन्हावरची लाल तिरकी रेघ दिसते, म्हणून त्याला हा प्रश्न पडतच नाही. चांगल्या रचनेत ते "माइक बंद करा, सध्या चालू" असं काहीतरी वाचलं जातं. वाईट रचनेत दोन्ही गोष्टी एकदम बदलतात, बटणाचं नावही आणि दाबलेलं-न दाबलेलं ही खूणही. मग ऐकू येतं, "अनम्यूट, दाबलेलं." याचा अर्थ लावेपर्यंत सभेत आपलं नाव घेऊन कुणी तीनदा हाक मारून मोकळं झालेलं असतं. वेबसाठीच्या नियमांत याविषयी स्पष्ट सूचना आहे: नाव बदला किंवा खूण बदला, दोन्ही बदलू नका.

त्यात होस्ट, म्हणजे बैठक चालवणारा, आपल्याला परस्पर म्यूट करतो. पडद्यावर एक छोटी पट्टी येते आणि जाते. ती पट्टी स्क्रीन रीडरला कळवली गेली नाही तर आपण तावातावाने मुद्दा मांडतोय आणि पलीकडे कुणालाच काही ऐकू येत नाही, असा प्रकार होतो.

शांततेचे अर्थ

खरी परीक्षा पावसाळ्यात. जुलैत सत्तरी, सांगे, काणकोणच्या बाजूला वीज गेली की मागोमाग नेटही लटकतं. कॉल चालू असताना अचानक सगळं शांत होतं. डोळस माणूस पडद्याकडे बघतो. गोल गोल फिरणारं चिन्ह दिसतं, 'पुन्हा जोडत आहे' असं लिहिलेलं दिसतं, किंवा समोरच्याचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठलेला दिसतो. त्याला उत्तर मिळालं.

मला मात्र फक्त शांतता मिळते, आणि तिचे अर्थ कितीतरी असू शकतात. माझं नेट गेलं असेल. त्यांचं गेलं असेल. बोलणाऱ्याने चुकून स्वतःला म्यूट केलं असेल. मला बैठकीतून बाहेर काढून पुन्हा प्रतीक्षेत बसवलं असेल. ब्लूटूथ हेडफोनची बॅटरी संपली असेल. किंवा सगळे खरंच विचार करत गप्प बसले असतील, आणि मी "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" म्हणत त्यांच्यात घुसलो असेन. प्रत्येक शक्यतेवर उपाय वेगळा. म्हणून सॉफ्टवेअरने पडद्यावर दाखवलेला स्थितीतला प्रत्येक महत्त्वाचा बदल तोंडाने सांगायला हवा.

त्यासाठी सोय आहे. वेब पानाच्या एखाद्या भागाला 'इथे काही बदललं तर वाचून दाखव' अशी खूण लावता येते. तिचे दोन प्रकार. एक सभ्य: स्क्रीन रीडरचं चालू वाक्य संपू दे, मग सांग. दुसरा आग्रही: मध्येच तोडून सांग. कनेक्शन तुटलं हे आग्रही प्रकाराने सांगावं, कुणी अंगठा दाखवला हे सभ्य प्रकाराने, किंवा सांगूच नये. नेट तुटल्याचं न सांगणारं पण "अमुक यांनी टाळ्या वाजवल्या" हे ठणकावून सांगणारं सॉफ्टवेअर मी ऐकलेलं आहे.

अति सांगणं हाही न सांगण्याइतकाच त्रास आहे. तीस माणसांच्या बैठकीत पहिली दहा मिनिटं अमुक आले, तमुक आले, अमुक गेले, पुन्हा आले अशी वर्दी चालू राहिली तर अध्यक्षांचं प्रास्ताविक ऐकूच येत नाही. (प्रास्ताविकाचं एक वेळ चालेल, पण पुढचंही जातं.) झूममध्ये यासाठी चांगली व्यवस्था आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर स्क्रीन रीडरला कळवायच्या सूचनांची यादी असते. कुणी आलं-गेलं हे बंद, होस्टने म्यूट केलं हे चालू, असं एकेक निवडता येतं. पहिल्यांदा झूम घेतलेल्या माणसाने बैठकीला जायच्या आधी हे करून ठेवावं.

त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट बघावी. बैठकीतली बटणांची पट्टी माउस हलला नाही की लपते. डोळस माणसाला तेवढाच चेहरा मोठा दिसतो. आमच्या बाजूने पट्टी गेली की एका बटणावरून दुसऱ्यावर नेणारी टॅबची कळ मारत बसलं तरी बटण हाती लागत नाही. ही पट्टी कायम दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करावा.

एका कानात सभा, दुसऱ्यात संगणक

आता मूळ भांडणाकडे येऊ. दोन आवाज एकाच कानात. यावर विंडोजने एक उपाय न विचारता करून ठेवलेला आहे, आणि तो आमच्या मुळावर येतो. कॉल सुरू झाला असं विंडोजला कळलं की बाकीच्या सगळ्या आवाजांची पातळी ते ८० टक्क्यांनी कमी करतं. हेतू चांगला, गाणं चालू असेल तर ते मागे जावं. पण विंडोजच्या लेखी स्क्रीन रीडरही 'बाकीच्यां'तच मोडू शकतो. कॉल जोडला गेला की एनव्हीडीए कुजबुजायला लागतो, आणि नवख्या माणसाला वाटतं की तो बिघडला. कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडमध्ये कम्युनिकेशन्स नावाचा विभाग आहे. तिथे 'डू नथिंग' हा पर्याय निवडला की प्रश्न सुटतो. हे एकदा कुणी सांगितलं की आयुष्यभर पुरतं, पण सांगणारा भेटावा लागतो.

एनव्हीडीएत उलट दिशेची सोयही आहे: तो बोलायला लागला की बाकीचे आवाज खाली जातात. वर्तमानपत्र वाचताना मागे रेडिओ चालू असेल तर ते बरं. कॉलमध्ये मात्र पलीकडचा माणूस लाटेसारखा वरखाली होतो, म्हणून बैठकीच्या वेळी ती बंद केलेली बरी. एनव्हीडीएची कळ (सहसा इन्सर्ट), शिफ्ट आणि डी दाबत गेलं की तिचे प्रकार बदलतात.

माझ्या मते अलीकडची सगळ्यात कामाची सुधारणा म्हणजे आवाजाची विभागणी. एनव्हीडीएच्या २०२४.२ या आवृत्तीत ती आली. एनव्हीडीएची कळ, ऑल्ट आणि एस दाबलं की स्क्रीन रीडर एका कानात जातो आणि बाकीचं सगळं, म्हणजे कॉल, दुसऱ्या कानात. पुन्हा दाबलं की आणखी प्रकार मिळतात. जॉजमध्येही अशी विभागणी आहे. पहिल्या दिवशी डोकं दुखतं, कारण मेंदूला दोन्हीकडे लक्ष द्यायची सवय नसते. नंतर हळूहळू डाव्या कानातली चॅट ऐकता ऐकता उजव्या कानातल्या सरांना "हो सर" म्हणता येतं. माझ्या परिचयातला एकजण अशा पद्धतीने बैठकीचं इतिवृत्त बोलणं चालू असतानाच टाइप करतो.

पण विभागणीसाठी दोन्ही कानांत वेगळा आवाज जायला हवा, आणि ब्लूटूथचं घोडं तिथे अडतं. साध्या ब्लूटूथ हेडफोनवर माइक उघडला की तो गाणी ऐकायच्या पद्धतीतून फोनवर बोलायच्या पद्धतीत जातो. आवाजाचा दर्जा घसरतो, डावा-उजवा फरक जातो, आणि स्क्रीन रीडर डब्यातून बोलल्यासारखा येतो. शिवाय कळ दाबल्यापासून आवाज कानात यायला किंचित वेळ लागतो. भराभर टॅब मारणाऱ्याला तो किंचितसा वेळ भारी छळतो. तेव्हा संगणकावर कॉल करायचा असेल तर तारेचा हेडफोन घ्या. स्वस्तातला चालेल.

हेडफोनशिवाय बसलात तर वेगळीच गंमत. स्क्रीन रीडरचा आवाज स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरतो आणि साऱ्या बैठकीला "चॅट, एडिट, ब्लँक" ऐकू जातं. कुणीतरी विचारतं, "हे मधे मधे इंग्लिशमध्ये कोण बोलतंय?" आपला पडदा इतरांना दाखवताना संगणकाचा आवाजही पाठवायचा पर्याय निवडलेला असेल तर हेडफोन असूनही हेच होतं.

चॅट हा प्रकार आपल्याकडे आणखी रंगतो. फोंड्यातल्या एखाद्या संस्थेची बैठक धरा. कुणी देवनागरीत मराठी लिहितो, कुणी देवनागरीत कोकणी, कुणी रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, आणि निम्मे जण रोमन अक्षरांत मराठी. रोमन अक्षरं दिसली की अनेक आवाज ती इंग्रजी समजून वाचतात. 'उद्या सकाळी या' हे वाक्य रोमनमध्ये लिहिलं की साहेबाने पहिल्यांदा गोव्याच्या बाजारात येऊन भाव विचारावा तसं ऐकू येतं. कधी कधी एकेक अक्षर करत मागे जाऊन शब्द लावावा लागतो, आणि तोवर बैठक दोन विषय पुढे गेलेली असते. त्यात शेवटी सात हसरे चेहरे असले तर स्क्रीन रीडर त्या चेहऱ्यांचंही वर्णन करतो, कधी सातही वेळा. देवनागरीत लिहा आणि चेहरा एक पुरे, एवढं बैठकीच्या सुरुवातीला सांगितलं तरी खूप फरक पडतो.

कळा पाठ असणं हा सगळ्यात भरवशाचा रस्ता. विंडोजवर झूममध्ये माइकसाठी ऑल्ट आणि ए, हात वर करायला ऑल्ट आणि वाय. गूगल मीटमध्ये माइकसाठी कंट्रोल आणि डी. टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम. तीन दुकानं, तीन कुलपं. मीट ब्राउझरमध्ये चालतं, आणि क्रोममध्ये कंट्रोल आणि डी म्हणजे पान खूण करून ठेवणे. लक्ष दुसऱ्या टॅबवर असताना घाईत ती कळ दाबली तर माइक उघडत नाही, नको ते पान मात्र जपून ठेवलं जातं. झूममध्ये एखादी कळ 'ग्लोबल' करता येते, म्हणजे तुम्ही नोटपॅडमध्ये मुद्दे वाचत असलात तरी ऑल्ट आणि ए चालतं. बैठकीत बोलायचं असणाऱ्याने ते नक्की करावं. फोनवर तर याहून सोपं: व्हॉइसओव्हर असलेल्या आयफोनवर दोन बोटांनी दोनदा टकटक केलं की आलेला फोन उचलला जातो आणि पुन्हा केलं की ठेवला जातो. पडद्यावर कुठेही. बटण शोधायचंच नाही.

कळांचं महत्त्व आणखी एका कारणाने. सॉफ्टवेअर बदलत राहतं. बटण इकडचं तिकडे गेलं तर डोळस माणसाचे दोन क्षण जातात. आम्ही 'टॅबची कळ चारदा मारली की कॅमेरा' असं पाठ केलेलं असतं, ते सगळं पुन्हा शिकायचं. २००३ मध्ये आलेलं स्काइप अनेक दृष्टिहीनांनी वर्षानुवर्षं वापरून हाताखाली आणलं होतं, जॉजबरोबर ते नीट चालावं म्हणून स्वयंसेवकांनी स्वतः जोडकामं लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने ५ मे २०२५ रोजी ते बंद केलं आणि लोकांना टीम्सकडे पाठवलं. टीम्स स्क्रीन रीडरवर चालतं, चांगलंच चालतं, पण कुटुंबातल्या दोघांनी गप्पा मारायच्या एवढ्यासाठी ते केवढं तरी मोठं घर आहे.

निवड कुणाच्या हातात

इथे एक गोष्ट डोळस वाचकांच्या लक्षात येत नाही. कॉलचं सॉफ्टवेअर आपण निवडत नाही, बोलावणारा निवडतो. क्लास मीटवर असेल तर मीट, मुलाखत टीम्सवर असेल तर टीम्स. मुलगा दुबईत असेल तर तिथल्या सरकारचं ऐकावं लागतं: संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर निरोप आणि फोटो जातात, पण कॉलवर अनेक वर्षं बंधन आहे, म्हणून तिथली माणसं परवानगी असलेल्या बोटिमसारख्या ॲपवर येतात. गोव्यातल्या आईने कष्टाने व्हॉट्सॲप शिकून घेतलेलं असतं, आणि मुलाच्या नोकरीचा देश बदलला की तिने दुसरं शिकायचं. 'तुम्हाला जे जमतं ते वापरा' हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. जे जे लोकांना कॉलवर बोलावतं ते ते सगळं वापरण्याजोगं असायला हवं.

मोठ्या कंपन्यांनी हे मनावर घेतलं त्यामागे कायदाही आहे. अमेरिकेत २०१० च्या एका कायद्याने इंटरनेटवरच्या संवादसेवा दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या असण्याची अट घातली. २०२३ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने व्हिडिओ बैठकीची सॉफ्टवेअरंही त्यात येतात हे स्पष्ट केलं. युरोपचा असाच कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं ४२ वं कलम माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी, म्हणजे ते दिव्यांगांना वापरता येण्याविषयी आहे, आणि त्यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, काही किमान गोष्टी सक्तीच्या हव्यात.

कॉलशी थेट संबंध असलेला निकाल त्यानंतरचा, ३० एप्रिल २०२५ चा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० पासून व्हिडिओ कॉलवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली. खातं उघडायला शाखेत जायला नको, साखळीहून पणजीची बस धरायला नको, सगळं घरबसल्या. पण त्या कॉलमध्ये काय सांगतात? चेहरा चौकटीत आणा. पापण्या मिटा-उघडा. पॅन कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा, जरा वर, जरा डावीकडे. चौकट कुठे आहे तेच ज्याला दिसत नाही, त्याने ती कशी गाठायची? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना आणि दृष्टिहीनांना येणाऱ्या या अडचणी न्यायालयापुढे आल्या. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं आणि २० निर्देश दिले. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे तपासायचे पापणी मिटण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, हाही त्यांतलाच एक. निकालाचा कागद हातात असला तरी कॉलवरचा कर्मचारी "सर, कार्ड थोडं डावीकडे" एवढंच म्हणणार असेल, तर त्याला तेव्हाच शांतपणे सांगावं की मला दिसत नाही, तुम्ही दिशा आणि अंतर शब्दांत सांगा. बहुतेकजण सांगतात. खिडकी आपल्या पाठीमागे न ठेवता समोर ठेवावी, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. हे दिसत नसताना लक्षात राहत नाही.

पणजीत २०२३ च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला महोत्सव झाला, तेव्हापासून गोव्यात सुगम्यतेबद्दल बरंच बोललं जातं, आणि ते चांगलंच आहे. पायऱ्यांशेजारचा उतार लोकांच्या नजरेत आला आहे. बैठकीची लिंक पाठवताना मात्र आपण अजून विचार करत नाही. सादरीकरण हे सर्वांत मोठं उदाहरण. कॉलमध्ये दाखवलेला पडदा पलीकडे व्हिडिओ म्हणून जातो. त्यात कितीही अक्षरं असोत, स्क्रीन रीडरच्या लेखी ते चित्र, म्हणजे काहीच नाही. "हे बघा, इथे आकडे दिलेले आहेत, तुम्ही वाचू शकता," म्हणून वक्ता पुढे जातो. उपाय सोपे: फाइल आदल्या दिवशी पाठवा, किंवा बोलताना आकडे उच्चारा. टीम्समध्ये पॉवरपॉइंट थेट उघडून दाखवायची एक पद्धत आहे, तीत स्लाइडमधला मजकूर स्क्रीन रीडरला वाचता येतो, ती वापरा. बोलण्याआधी आपलं नाव सांगा, कारण कुणाच्या चौकटीभोवती पिवळी रेघ आली ते आम्हाला दिसत नाही. आणि होस्टच्या प्लॅनमध्ये साध्या फोनवरून जोडून घ्यायची सोय असेल तर तो क्रमांक लिंकसोबत द्या. झूमला असं फोनवरून जोडलं की तारा (*) आणि ६ दाबून माइक चालू-बंद होतो, तारा आणि ९ दाबून हात वर होतो. पुढे आलेली बटणं असलेला साधा मोबाइल काकींना चांगला ओळखीचा असतो.

तुमच्या संस्थेचं स्वतःचं ॲप असेल, किंवा तुम्ही कुणाला ते बनवायला दिलेलं असेल, तर ठेकेदाराला 'सुगम्य आहे का' असं विचारू नका, तो हो म्हणणारच. अँड्रॉइड फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरा, टॉकबॅक सुरू होईल. पहिल्यांदा असेल तर फोन आधी विचारेल. आता बोट एकदा टेकवलं की गोष्ट वाचली जाते आणि दोनदा टेकवलं की दाबली जाते. फोन पालथा धरल्यासारखी पडद्यावरून नजर काढा आणि त्या ॲपवरून सहकाऱ्याला कॉल लावा. माइक बंद करा, चालू करा, बंद आहे की चालू ते फक्त ऐकून सांगा. मग त्याला नेट बंद करायला सांगा आणि ॲप काही बोलतं का ते ऐका. शेवटी कॉल ठेवा. टॉकबॅक बंद करायला तीच दोन बटणं पुन्हा तीन सेकंद.